चेपा

१२ ऑगस्ट २००१, रवि.

बशी पुढे ढकलून मी म्हटलं, "हे आतून गार आहे."

बेकरीवाला गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "बर्गर गारच असतोय, बाई. इंग्लिश पदार्थ हाय."

राजारामपुरी. बन कालचा. आत कोबी, बीट घातलेलं कटलेट, वर गोड सॉस. शिवानंद निमूट खात होते. माझा राहिलेलाही त्यांनीच संपवला.

ते कामाला होते ती फाउंड्री बंद पडली त्याला आता बरेच महिने झाले. शिरोलीत ज्याला विचारावं त्याची भट्टी गार. शि. पुण्याला मुलाखतीला गेले, नोकरी मिळाली नाही, बर्गर बघून आले. कॉलेजच्या पोरांची रांग लागलेली म्हणे. आता गाडा टाकायचा. त्याआधी गावातला सगळ्यात चांगला बर्गर शोधून काढायचा, मग त्याहून चांगला करायचा. हा त्यांचा हिशेब. माझे रविवार त्यात जातात. पेपर तपासायचे तसेच पडलेत.

१९ ऑगस्ट, रवि.

रंकाळ्यावर 'स्पेशल बर्गर' अशी पाटी. स्पेशल काय? "आत वडा घालतो." मग वडापावच झाला की. "न्हाय ओ, बन गोल हाय."

शि. हसले. मी नाही.

तिथून स्टेशन रोड. तिथं बर्गरबरोबर वाटी आली. वाटीत मिसळीचा लालभडक कट. हे कशाला? "कोरडं कसं खानार, ताई? घशात अडकंल की." शेजारच्या टेबलावर दोघे बन कटात बुडवून खात होते. घाम पुसत, सुखात.

वाईट खायला लागलं तर मी कुरकुरत नाही. वसतिगृहात वाढलेली आहे. पण नाव एकाचं, वस्तू भलतीच, आणि विचारलं तर वर आपल्यालाच अडाणी ठरवायचं! वर्गात वर्षभर पोरांना शब्द जपून वापरा सांगायचं आणि रविवारी हे खायचं.

२ सप्टें., रवि.

ताराबाई पार्क, जरा बरं हॉटेल. मालक स्वतः आला. "मटणाचा देऊ काय?" आम्ही खात नाही, म्हटलं. "लिंगायत व्हय? मग बर्गर कशाला शोधताय, पावणं? बर्गर म्हंजी मुळात मटणच. टीव्हीत बघा."

शि.नी मान हलवली. पटल्यासारखी.

बावड्याला घरी पोचलो तर अव्वा दारात. सासूबाई निपाणीच्या, बोलण्यात कानडी येतं. "सापडला काय गं?" नाही. "यप्पा! शिकलेली दोघं, बनामागं गावभर फिरायलाय."

खरं होतं. म्हणून जास्त झोंबलं. अव्वांशी बोलले नाही जेवेपर्यंत.

४ ऑक्टो., गुरु.

कॉलेजातून आले तर स्वयंपाकघरात धूर. शि.नी एका मित्राच्या अजून चालू असलेल्या फाउंड्रीतून बिडाचा जाड चौकोनी तवा ओतवून आणलाय. बरोबर बिडाचाच एक गोल ठोकळा, वर मूठ. दाबणी म्हणतात तिला. तव्यावर बटाट्याचा गोळा ठेवायचा, वर दाबणी, तिच्यावर सगळा भार. गोळ्याचा पापड होतो, कडा जाळीदार, तांबूस. म्हणजे व्हायला पाहिजे. प्रत्यक्षात निम्मा तव्याला, निम्मा दाबणीला. खरवडून खरवडून उलथणं वाकलं.

अव्वा बघत होत्या. शेवटी उठल्या. "बटाट्यात पाणी हाय. सालीसकट उकड. गार होऊ दे. पुटाण्याचं पीठ घाल." पुटाणे म्हणजे आपलं डाळं. मिरची-लसूण त्यांनीच ठेचला. चिमूट जिभेवर ठेवून बघितली, मीठ वाढवलं, परत बघितली.

दिवेलागणीला खाल्ला. भाजलेला बन, कांदा, लाल चटणी. मी उभ्यानं खाल्ला, बसायचं सुचलं नाही. एवढे रविवार आम्हाला काय काय चारलं त्या लोकांनी! लाज नाही.

मी म्हटलं, सापडला. शोध संपला.

शि. म्हणाले, "मटणाचा कुठं बघितलाय अजून?"

दार आपटलं मी. उगाच, वाऱ्याने आपटल्यासारखं दाखवलं.

४ नोव्हें., रवि.

दसऱ्याला गाडा सुरू. पेंटरने पाटीवर 'बरगल' लिहिलंय. 'र' जोडायचा तिथं सुटा, शेवटी 'ल' कुठून आला देव जाणे. मी म्हटलं, पुसून परत लिहा. "बाई, वाचतंय कोन? वासावर येत्यात." मी हट्टाला पेटले. शि. म्हणाले, राहू दे गं. एका मराठीच्या प्राध्यापिकेच्या नवऱ्याच्या गाड्यावर बरगल!

पण बरगल कुणी म्हणतच नाही. पहिल्याच दिवशी एक पोरगी ओरडली, "काका, दोन चेपा की!" चेपायचं म्हणून चेपा. आता सगळे तेच. 'चेपा संपला काय?' 'जरा दाबून चेपा.'

स्टाफरूममध्येही पोचलं. इतिहासाचे सर: "मॅडम, मराठीला नवा शब्द दिलात. आता प्रबंध सोडा, बन कापा." सगळे हसले. रोज फुकट मागवून खाणारेही त्यात होते. मी चहा तसाच ठेवून तासाला गेले. तास नव्हता. रिकाम्या वर्गात बसले.

२५ नोव्हें., रवि.

महिन्यात तीनदा जागा बदलली. कुणी ना कुणी येऊन 'गाडा उचला' म्हणतं. बिडाचा तवा हलवून शि.ची पाठ धरलीय.

आज बाळासाहेब नावाचे गृहस्थ आले. पांढरे कपडे, बुलेट. ताराबाई पार्कात त्यांची इमारत आहे, खाली रिकामा गाळा. दोन चेपे उभ्यानं खाल्ले, मिशा पुसल्या. "झ्याक हाय! पर पावणं, मांडव घातला, बँड आणला, आन् नवरीच न्हाय. मटण कुठाय?"

शि. म्हणाले, आमच्यात चालत नाही.

"तुमी नका की खाऊ! तुमाला खा कोन म्हनतंय? गाळा माझा, खिमा माझ्या भावाच्या दुकानातला, हात तुमचा. भाडं बिडं काय न्हाय, भागीत करू. बटाट्याचं बी चालू दे एका बाजूला."

शि. म्हणाले, विचार करतो.

ते गेल्यावर मी फाडफाड बोलले. नाही म्हणायला विचार कसला करायचा? शि. कांदा चिरत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या पगारावर बसून विचार करतोय, गिरिजा. सवड हाय मला."

मी कधी एका शब्दाने तरी...

नाही. शब्दाने नाही.

३ डिसें., सोम.

शि.नी जेवताना अव्वांपुढे विषय काढला. आडून. कुणी एक माणूस असं असं म्हणतो.

अव्वांनी ताटातली भाकरी मोडलेली तशीच ठेवली. "तू काय म्हणालास?"

"अजून काय न्हाय."

"मी निपाणीला जाते मग. लेकीकडं. तुम्ही करा काय ते."

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं? या गेल्या तर बटाटा कोण करणार. हे आलं. शी.

नंतर आला तो राग, आणि तो अजून आहे. हा माणूस वीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिला. हातावर डाग, डोळ्याला चष्मा, रात्रपाळ्या. तेव्हा कुणाचं व्रत मोडलं नाही, कुणी निपाणीला निघालं नाही. आता लोकांसाठी तव्यावर खिमा टाकायचा म्हटल्यावर घर बाटतं. आणि बाळासाहेबांचाही राग. खायचं नसेल तर खाऊ नका म्हणे! इतकं सोपं असतं तर शि. गेले आठ दिवस निम्मं ताट टाकून का उठतात?

आणि शि.चा. हो किंवा नाही, एक शब्द. तो निघत नाही तोंडातून.

१२ डिसें., बुध.

सगळं लिहायचंय.

चारच्या सुमारास बाळासाहेब आले. हातात स्टीलचा डबा. "आज बुधवार. खिमा ताजा हाय, वयनीनं मसाला लावून दिलाय. एकदा तव्यावर टाका. मग न्हाय म्हना, बाळासाहेब परत तोंड दाखवनार न्हाय."

मी कांदा चिरत होते. म्हटलं, "इथं नको."

शि.नी माझ्याकडे बघितलं. मग डबा घेतला.

हात लावला नाही. चमच्याने काढला, उलथण्याने गोळा सारखा केला. दाबणी ठेवली आणि वाकले. आवाज बटाट्यापेक्षा वेगळा आला, लांबत गेला. चरबी कडेने बाहेर येऊन फसफसली. मी नाकाला पदर लावला. पण रस्त्यावरून जाणारे थांबले. सायकलवरचे उतरले.

बाळासाहेबांनी डोळे मिटून खाल्ला. "आयला! मुंबईत खाल्ला, पुण्यात खाल्ला. असला न्हाय. एक नंबर!" मग डबा सगळ्यांचाच झाला. कोण कुणाला देत होतं कळेना. "माझा बी एक चेपा!" "मामा, कडा करपवा जरा!" कुणी तरी शिट्टी मारली. एवढी गर्दी गाड्यावर कधी झाली नव्हती.

आणि शि. एकेकाला विचारत होते. "मीठ बरोबर हाय का?" "तिखट कमी न्हाय ना?" खाणारा बोट वर करून झकास म्हणाला की दुसऱ्याकडे वळायचे. "मीठ?" बटाट्याच्या वेळी हा माणूस असं कधीच विचारत नाही.

बाळासाहेब जाताना म्हणाले, "उद्या सकाळी घरी या. गाळ्याची किल्ली देतो. न आलात तर समजलो."

शि.नी तवा राखेने, मग वाळूने घासला. परत राखेने. मी म्हटलं, पुरे. ऐकलं नाही.

घरी आलो. चपला काढायच्या आधी, दारातूनच, त्यांनी अव्वांना सांगितलं. काही लपवलं नाही. मी मागे उभी. अव्वा ओरडल्या तर शि.ची बाजू घ्यायची, शि. ओरडले तर अव्वांची, असं काहीतरी मनात होतं माझ्या.

अव्वांनी विचारलं, "तू खाल्लास?"

"न्हाय."

"जिभेवर ठेवलंस?"

"न्हाय अव्वा, शप्पथ. हातसुद्धा लावला न्हाय." असं म्हणताना आवाजात सुटका होती. त्यांना वाटलं, सुटलो.

"मग चव कुणाची दिलीस लोकांना?"

शि. चष्मा काढून पुसायला लागले.

"मी चाखल्याबिगर बटाटा हातात देत न्हाय तुझ्या. आणि तू लोकांना विचारत बसलास, मीठ हाय काय म्हणून? स्वतः थुंकशील ते दुसऱ्याच्या ताटात?"

"लोक खातात, अव्वा. त्यांना आवडतंय."

"खाऊ देत की. त्यांचं ते खातात. मी त्यांना कुठं नावं ठेवली? मी तुला बोलतेय, शिवा." मग अगदी खालच्या आवाजात, "खायचं असलं तर गळ्यातलं लिंग काढून देवघरात ठेव. मग खा. पोटभर खा. मग वीक, मी काय म्हणणार न्हाय. न्हायतर सोड. हे निम्मं तिकडं निम्मं इकडं साकु. पुरे झालं."

"आणि तू? निपाणीला जाणार?"

"ते तू ठरव आधी."

आत गेल्या. भांडी लावल्याचा आवाज.

शि. उंबऱ्याबाहेरच. चपला पायात. माझ्याकडे वळले. "तू सांग."

चीड आली, अव्वांची, शि.ची, त्या किल्लीची. इतके आठवडे सगळ्यांवर रागावत होते आणि 'मीठ?' ऐकूनसुद्धा जे मला म्हणता आलं नाही ते अव्वांनी एका वाक्यात म्हटलं.

म्हटलं, "मला विचारू नका." हे म्हणायला नको होतं. ते फिरून गाड्याकडे गेले, तव्यावर पोतं टाकून आले, न जेवता झोपले.

१३ डिसें., गुरु.

अव्वांनी पहाटे बटाटे उकडायला लावले, रोजच्याएवढेच. शि. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीही पीत नाहीत. आज आंघोळ करून पाटावर बसलेच नाहीत, कपडे घालून थेट बाळासाहेबांकडे गेले. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं, गळा दिसला नाही. देवघराचं दार लोटलेलं. लिंग आत ठेवलंय का, ते मी उघडून बघितलं नाही. पहिला तास होता, कॉलेजला गेले.