मागची चालणारी

ती. झोरकामावशींना नमस्कार.

कंबरेला नवं मलम लागू पडलं का? इकडे मारिबोरला सर्व ठीक, माझे पाय सोडून.

शनिवारी आपल्या मैदानावर क्लबांचा युरोपियन चषक झाला. तुम्हाला ठाऊकच आहे, प्रत्येक शर्यतीत क्लबाचं एक माणूस. शेवटचं आलं तरी एक गुण, बाद झालं तर शून्य. म्हणून आपण गोळाफेकीवाल्यालाही अडथळ्यांच्या शर्यतीत उतरवतो. (तो ओलांडत नाही, पाडत जातो.) आमची चालण्याच्या शर्यतीतली मुलगी सकाळी खाल्लेल्या शिळ्या बुरेकने, त्या तेलकट मांसाच्या पावाने, आडवी झाली, आणि एका गुणावाचून क्लब खालच्या गटात जाणार होता. प्रशिक्षक बोश्त्यान म्हणाला, "ब्रेदाताई, तुम्ही नुसतं चाला. फक्त धावू नका." (चव्वेचाळिसाव्या वर्षी मला तो मोह होईल असं त्याला का वाटलं, याचा मी अजून विचार करते आहे.)

बाकीच्या पोचल्या तेव्हा द्रावा नदीवरून धुकं मैदानात उतरलं होतं. मी एकटीच उरले. आणि मागे पावलं. मी हळू झाले की तीही हळू. आपण कोणाला अडवतोय की काय, म्हणून मी बाजूला झाले. कोणी पुढे गेलं नाही. मागे वळून पाहिलेलं नियमात बसतं का, ते आठवेना, म्हणून पाहिलं नाही. (खरं तर नियम आठवत होता.)

पोचले, तर मी बाद. पाऊल टेकताना गुडघा सरळ हवा, तो वाकतो म्हणून तीन पंचांची तीन लाल कार्डं. मावशी, ऑपरेशनपासून माझा गुडघा खुर्चीतसुद्धा वाकत नाही. पंचबाई समजुतीने म्हणाल्या, "तुमचा नाही हो, मागच्या बाईंचा. डावा. तोच बनियन, तोच नंबर. आम्ही तरी काय करणार?"

बोश्त्यानने हरकत घेतली आहे. निकाल यायचाय.

तुमची भाची,
ब्रेदा

ता. क. आई दर वेळी डाव्या गुडघ्यापायी बाद व्हायची, हे सांगू शकणाऱ्या आता तुम्ही एकट्याच. समितीला तसं लिहून द्याल? ती वारली आहे, हेही लिहा. खोटं काही नको.

पुन्हा ता. क. पत्र टाकण्याआधीच निकाल आला. नोंदणी नसलेल्या बाईचा दोष माझ्यावर लावता येत नाही, म्हणे. गुण मिळाला, क्लब वाचला. तेव्हा साक्ष राहू द्या. आईचे चालायचे बूट तुमच्याकडे असतील तर तेवढे पाठवा. काल जिन्यातही ती मागे होती, अनवाणी. आणि आमचा जिना फार गार असतो.