टोपीला पंख असलेली बाई

आप्पा,

तुमच्या नाण्यांचा डबा परवा माझ्याकडे आला. दादानं साताऱ्याचं घर आवरायला काढलंय, आणि ज्या वस्तूचं काय करावं हे त्याला कळत नाही ती तो सांगलीला माझ्याकडे पाठवून देतो. वर चिठ्ठी, ‘तुलाच यातलं कळतं.’ डबा उघडला तर तुम्ही ड्रॉइंग पेपर कापून केलेली पाकिटं अजून तशीच आहेत, प्रत्येकावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. तुमचं ते बारीक अक्षर वाचायला मला आता भिंग घ्यावं लागलं. भिंगही डब्यातच होतं. आणि ते हातात घेतल्याबरोबर मला तुमचा इतका राग आला, की मी डबा मिटवून स्वयंपाकघरात जाऊन उगाचच कणीक मळायला घेतली. घरात जेवायला मी एकटीच होते.

अमेरिकेची चांदीची नाणी जमवणारा साताऱ्यात दुसरा कोणी असेल असं मला वाटत नाही. तेही सगळी नाही, फक्त डाईम. दहा सेंटचं, अंगठ्याच्या नखाएवढं नाणं. बाकीची नाणी तुम्हाला ढोबळ वाटत. एवढ्याशा जागेत माणसानं चेहरा कोरला, केस कोरले, पंख कोरले, हे काय साधं काम आहे का, असं तुम्ही पाहुण्यांना विचारायचात, आणि पाहुणे चहाच्या कपात बघायचे. तुम्ही ड्रॉइंग मास्तर होतात, तुम्हाला ते दिसत होतं. पण हे सगळं सुरू कुठे झालं ते मी अजून विसरलेले नाही. माझ्या लग्नाची जोडवी घ्यायला आपण सांगलीला आलो होतो. सराफ आईला वजनं दाखवत होता आणि तुम्ही मोडीच्या चांदीच्या परातीत हात घालून बसला होतात. मोडलेली पैंजणं, करंडे, निरांजनं, त्यात तुम्हाला ती पहिली डाईम सापडली. सराफ म्हणाला, ‘मास्तर, परदेशी हाय ते, आटवायला ठेवलंय.’ त्या दिवशी माझी जोडवी हलकी झाली आणि तुमच्या खिशात एक डाईम आली. आईनं परतीच्या एस्टीत कराड येईपर्यंत तोंड उघडलं नाही. कराडला उघडलं, ते साताऱ्यापर्यंत मिटलं नाही.

मला कॉन्व्हेंटात घातलंत तेव्हा सगळ्या आळीनं नावं ठेवली होती. स्वतः मराठी शाळेत मास्तर आणि मुलगी सिस्टरांकडे. तुम्ही कोणाचं ऐकलं नाहीत. पुढे पुढे मला वाटायला लागलं, की ते सगळं एका पुस्तकाचा अनुवाद करून घेण्यासाठीच चाललं होतं. तुमच्या एका विद्यार्थ्यानं अमेरिकेहून ते जाडजूड नाण्यांचं पुस्तक पाठवलं, आणि तुमचं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं. मग दर पंधरा दिवसांनी माझ्या सासरी, सांगलीला, एक लिफाफा यायचा. आत तुम्ही हातानं उतरवून काढलेलं एक इंग्रजी पान, अक्षर न अक्षर चित्रासारखं नकललेलं, आणि खाली, ‘चि. बाळ, सवडीने मराठी करून धाडणे. घाई नाही.’ आठ दिवसांत पान गेलं नाही तर ‘घाई नाही’ असं लिहिलेलं दुसरं पत्र. मी शाळेत दिवसभर शिकवून, मुलीचा अभ्यास घेऊन, ओट्याच्या कडेला कागद ठेवून तुमचं मराठी करत असे. आणि ते पाठवलं, की तुमचा शेरा, ‘अर्थ आला, जीव आला नाही.’ दहावीच्या मुलांनाही मी कधी असं लिहिलं नाही, आप्पा.

पण त्या पानांमधूनच मला ती बाई कळली हे खरं. डोक्याला घट्ट बसलेली टोपी, टोपीला पंख. ती स्वातंत्र्याची देवी. पंख असण्याचं कारण, विचार कुठेही उडू शकतो. तिच्या देशातल्या लोकांनी मात्र तिला एका पुरुष देवाचं नाव देऊन टाकलं, त्याच्याही टोपीला पंख असतात म्हणून. याचा तुम्हाला केवढा संताप. ‘बाई आहे ती. मान बघा तिची. सगळ्या देशानं मिळून बाईला पुरुष ठरवलं, आणि कोणाला काही वाटत नाही.’ हे तुम्ही पोस्टमनलाही ऐकवलं होतं. मागच्या बाजूला काठ्यांची मोळी, मोळीत कुऱ्हाड आणि भोवती ऑलिव्हची फांदी. एकी, वेळ आली तर लढायची तयारी, आणि तरीही शांततेची इच्छा. हे आईला समजावून सांगण्यासाठी तुम्ही तिचा खराटा आणलात आणि त्याच्या हिरांना मध्ये तीन जागी सुतळ्या बांधायला लागलात. मोळीचे बंद सुटे सुटे दिसले तर नाणं उत्तम उमटलं असं समजायचं, हे ते प्रात्यक्षिक. मी चहा गाळतेय, तुम्ही मोरीजवळ उकिडवे बसून खराटा बांधताय, आणि आई म्हणतेय, ‘झालं असेल तर अंगण झाडू का मी?’

आईचा आणि तुमचा खरा वाद दर दिवाळीत. आपल्याकडे धनत्रयोदशीला घरातली सगळी चांदी घासून पूजेत मांडायची पद्धत. तुमच्या डाईम तेवढ्या बाहेर. आई म्हणायची, चांदी आहे, चांदीवर बाई आहे, मग ती लक्ष्मीच. तुम्ही म्हणायचात, ही लक्ष्मी नव्हे, ही कोणाच्या घरात बसणारी नाही. त्यावर आई, ‘मग आपल्या घरात काय करतेय?’ तुम्ही पाकिटं उचलून कपाटात ठेवायचात आणि किल्ली कोटाच्या खिशात.

लोक तुम्हाला हसायचे, पण नाणी आणूनही द्यायचे. तो महायुद्धात लढलेला म्हातारा पेन्शनर आठवतो, गळ्याला मफलर, हातात काठी. मी माहेरी आले होते तेव्हाच तो आला होता. रुमालाची गाठ सोडून त्यानं डाईम तुमच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, ‘आवं मास्तर, इटलीत पत्त्यात जिकलंय मी हे गोऱ्याकडनं. लय वरसं पेटीत पडून हाय. हितं कुनी घेईना, देवाला बी चालंना. तुमी तरी घ्या.’ तुम्ही त्याला जेवायला बसवलंत आणि जेवताना पंखांचा अर्थ सांगितलात. तो म्हणाला, ‘असंल की. पर पंख डोस्क्याला असून काय उपेग, पाठीला पायजेत.’ तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. हे वाक्य मी पुढे पुष्कळ वेळा मनात म्हणाले आहे.

आता त्या वर्षाकडे येते. नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं. शाळेतल्या मोठ्या सिस्टरांनी माझं नाव हैदराबादच्या प्रशिक्षणासाठी पाठवलं होतं, इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचं, एक वर्षाचं. निवड झाली. सासूबाई मुलीला सांभाळायला तयार होत्या. हे ‘बघू’ म्हणाले होते, आणि यांचं ‘बघू’ म्हणजे निम्मं ‘हो’. मी तुम्हाला आनंदानं पत्र लिहिलं. तुमचं उत्तर आलं नाही. उत्तर यांना आलं, पोस्टकार्डावर. पोस्टकार्ड उघडंच असतं, ते आधी मीच वाचलं. ‘चि. सौ. हिने वर्षभर संसार सोडून जाणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. स्वभाव हट्टी आहे, तरी आपण समजुतीने घ्यावे.’ यांनी ते रेडिओखाली ठेवलं आणि म्हणाले, ‘तुझे आप्पाच नको म्हणतायत, मी काय बोलू?’ त्याच आठवड्यात मला तुमचा नेहमीचा लिफाफा आला. आत पंखांचं पान. ‘सवडीने मराठी करून धाडणे.’ आणि मी करून धाडलं, आप्पा. टोपीचे पंख म्हणजे विचारांचं स्वातंत्र्य, हे मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली शिरसाष्टांग नमस्कार लिहिला आणि पेटीत टाकून आले. या खेपेला तुमचा शेरा आला, ‘आता जीव आला.’

त्या दिवाळीला मी साताऱ्याला आले. हैदराबादचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. धनत्रयोदशीला सकाळीच तुम्ही कराडला गेलात, तिथल्या सराफाचा निरोप होता की एक जुनी डाईम आलीय. कोट घरीच राहिला, थंडी नव्हती. आई देवळात गेली होती. मी मागच्या पडवीत रिठ्याचं पाणी आणि वाटीत रांगोळी घेऊन बसले, आणि तुमची सगळी नाणी घासून काढली. एकेक करून, दोन्ही बाजूंनी, अंगठ्यानं. किती वर्षांचा तो काळसर, निळसर थर, तुम्ही ज्याला सावली म्हणायचात, पाण्यात उतरत गेला. पाणी राखेच्या रंगाचं झालं. बाया लखलखायला लागल्या. संध्याकाळी आईनं त्या ताम्हनात मांडल्या आणि प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. तिला वाटलं, शेवटी तुम्ही कबूल झालात.

तुम्ही आलात, हातपाय धुतलेत, पूजेसमोर उभे राहिलात. मी दारातच आहे, धण्याची आणि गुळाची वाटी हातात धरून. रंगाचा ब्रश केस वाकवून ठेवला म्हणून तुम्ही मला एकदा जेवणावरून उठवलं होतंत, तेव्हा आता काय होईल ते मला माहीत आहे, आणि मी त्याचीच वाट बघते आहे. माझी उत्तरंही तयार आहेत, पोस्टकार्डापासून सुरुवात करायची ठरवली आहे. तुम्ही एक नाणं उचललंत. दिव्यापुढे तिरकं धरलंत, मग दुसऱ्या बाजूनं. खाली ठेवलंत. खिशातून कराडहून आणलेली नवी पुडी काढलीत, त्यातली काळी पडलेली डाईम ताम्हनात इतरांच्या शेजारी ठेवलीत आणि आईला म्हणालात, ‘हिलाही कुंकू लाव.’ मग माझ्याकडे वळलात.

‘हात दुखले असतील तुझे,’ म्हणालात.

बस्स. एवढंच. त्यानंतर तुम्ही एकही नाणं घेतलं नाहीत. डोळे साथ देत नाहीत, असं लोकांना सांगायचात. लिफाफे थांबले. आई येईल-जाईल त्याला सांगायची की मीच पोरीला चांदी घासायला लावली, आणि आमचे हे बघा कसे सुधारले. चार वर्षांनी तुम्ही गेलात, तोपर्यंत आपण पाऊसपाण्याचं, मुलीच्या मार्कांचं, गुडघ्यांचं बोललो. पुढे एकदा पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनात मी त्यातली दोन, आईकडून मागून नेलेली, दाखवली. तिथला जाणकार भिंगातून बघून हळहळला. म्हणाला, बाई, ही कोणीतरी वाळूनं घासल्यासारखी घासलीत, आता यांच्यात चांदीच तेवढी उरली.

मला तुमचा राग येतो तो याच गोष्टीचा. आयुष्यभर लहानसहान गोष्टींवरून तुम्ही आवाज चढवलात, आणि ज्या एका दिवशी ओरडायला हवं होतंत त्या दिवशी तुम्हाला समजूतदारपणा सुचला. तुम्ही ओरडला असतात तर मीही ओरडले असते. मग पोस्टकार्ड निघालं असतं, रडारड झाली असती, आई मध्ये पडली असती, आणि दुसऱ्या दिवशी आपण अभ्यंगस्नान करून पुन्हा बोलायला लागलो असतो. तुम्ही ते होऊच दिलं नाहीत. तुम्हाला सगळं कळलं होतं म्हणून होऊ दिलं नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण डब्याच्या तळाशी माझ्या अनुवादाची पानं तुम्ही क्रमानं लावून ठेवली आहेत, आणि त्यातल्या तिसऱ्याच पानावर माझ्याच अक्षरात आहे, की जुनं नाणं कधीही घासू नये, थर गेला की नाणं गेलं. त्याखाली तुमची लाल पेन्सिलीची रेघ आहे. तुम्हाला माहीत होतं की मला माहीत आहे.

वाटलं होतं, हे लिहून झाल्यावर काहीतरी करावं, दादाला वाचून दाखवावं किंवा कृष्णेच्या घाटावर जाऊन सोडावं, पण तसलं काही मी करणार नाही. कागद इथेच ओट्यावर बरण्यांच्या मागे राहील. आई लोकांना सांगायची त्यातलं खरं काय ते मात्र आता सांगून टाकते. तिनं मला निरांजनं आणि वाट्या घासायला सांगितल्या होत्या. नाण्यांचं ती बोललीच नव्हती. किल्ली मी तुमच्या कोटातून काढली. आणि सगळे म्हणतात तसं पुढे मला वाईट वाटलं, तेही खरंच आहे, खूप वाटलं. पण त्या पडवीत, घासताना, मला फार बरं वाटत होतं.