थर्मासमधला चहा

रिसोड, ५ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता, म्हणून हे पत्र. शेजारच्या राखीताईंनी कळवलं. काल दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस घरभर झाला, आणि तुम्ही बाहेर ओट्यावर पेपर वाचत होता.

इथं माझ्या बाळंतपणाला आलेल्या आईनं ऐकलं आणि परत निघायला पिशवी भरली. माझे दिवस भरायला तीन आठवडे आहेत. अनुपची कंपनीत रात्रपाळी. आई गेली तर मी एकटी पडेन. ती म्हणते, त्या माणसाले एकटं कसं ठेवू. मी तिला शनिवारपर्यंत थांबवलं आहे.

तेव्हा गॅस बंद. जेवणाचा डबा राखीताई देतील. चहासाठी विजेची किटली घ्या.

काळजीत, पण तब्येतीनं ठीक असलेली तुमची
रूपा

शेलूबाजार, ६ ऑगस्ट

चि. रूपास,
अनेक आशीर्वाद.

चौतीस वर्षं टपाल वाटलं आणि आता पत्र रोज रिसोडला जाणाऱ्या धरमसिंगच्या जीपनं पाठवतो. पोस्टात बोलू नको.

किटली आणली. मालेगावचे दुकानदार जिनदासभाऊ, त्यांनी बजावलं, हिच्यात फक्त पाणी टाकायचं. पण नुसत्या पाण्याचा चहा मी जन्मात पाहिला नाही. दूध, साखर, पत्ती, अद्रक, सगळं टाकलं. ते तोटीतून निघालं आणि टेबलावरून थेट पेपरवर गेलं. तळाला करपलं. धुवायला आत हात जात नाही. प्रसेनजित गुरुजी रोजच्यासारखे चहाला आले होते. एक घोट घेतला आणि म्हणाले, इंद्रभान, मी आजारी नाही, मले काढा काहून देऊन राह्यला?

आईला यातलं काही सांगू नको. तू जप.

तुझा
बाबा

रिसोड, ७ ऑगस्ट

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

सांगावं लागलं नाही. धरमसिंगनं पत्र आईच्याच हातात दिलं. चहा पेपरवर गेला तिथपर्यंत वाचून ती पाटावर बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली.

मग तिनं लिहून घ्यायला लावलं. किटली उभ्या डब्यासारखी पाहिजे, तोंड रुंद. आतून स्टील. मनगटापर्यंत हात जावा. आच कमी-जास्त करायचं बटण हवं. दिवा खुर्चीतून दिसावा, कारण तुमी काही उठून पाहणार नाही.

आणि अट. शनिवारी सकाळी तुमच्या हातचा चहा थर्मासमध्ये भरून जीपनं पाठवायचा. तो पिऊन ती ठरवेल. पिशवी दाराशीच आहे.

मला ती इथं हवी आहे. नीट करा, बाबा.

तुमची
रूपा

शेलूबाजार, ९ ऑगस्ट, सकाळी

चि. रूपास,
अनेक आशीर्वाद.

काल दुकानात दूध घेऊनच गेलो. जिनदासभाऊ म्हणाले, माणसं टीव्ही लावून पाहतात, किटली उकळून पाहणारे तुमी पहिलेच. तीन किटल्यांत चहा केला. पहिलीचा दिवा पाठीमागे होता. दुसरीत माझा हात मनगटाशी अडकला, तो साबण लावून काढला. तिसरी घेतली. दुकानातले सगळे गिऱ्हाईक चहा पिऊन गेले, एकानंही किटली घेतली नाही.

आज पाचला उठलो. दूध वर आलं की बटण मागं करतो, बसलं की पुढं. तीनदा वर येऊ दिलं, तुझी आई करते तसं. लाल दिवा पाहायला कान लागत नाहीत. काम झाल्यावर वायर भिंतीतून काढून ठेवली, तेही तिला सांग.

चाळीस वर्षांत तिला मी पहिल्यांदाच चहा देतो आहे. बिघडला असेल तर मला शिव्या दे म्हणावं, पण पिशवी सोड.

तुझा
बाबा

रिसोड, त्याच दिवशी, दुपारी

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

आईनं दारातच कप भरला. उभ्यानं प्यायली. धरमसिंग जीप बंद करून थांबला होता. तिनं दुसरा कप भरला. मी मागितला तर अर्धा दिला.

मग पिशवी उचलून आत गेली. मला वाटलं, राहिलेलं सामान भरायला गेली. जाऊन पाहिलं तर लुगड्यांच्या घड्या कपाटात लावत होती.

थर्मास धुऊन याच जीपनं परत पाठवते आहे. ती म्हणते, उद्या साखर कमी टाका.

असाच लोभ आणि असाच चहा पाठवत राहा.

तुमची
रूपा