सातव्या बरणीचं झाकण

धुळे,
१० फेब्रुवारी

प्रिय दिपमाला हिस,
सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? जळगावचं ऊन सुरू झालं असेल, जप. (अकरा वर्षांनी एकदम गुडघ्यापासून सुरुवात केली म्हणून हसू नकोस. कुठून तरी करायलाच हवी होती.)

आपल्या कॉलेजात नॅकची समिती तपासणीला येणार म्हणून झाडलोट करणाऱ्या तानुबाईने प्राणिशास्त्राच्या बरण्या घासल्या, त्याही इतक्या मनापासून, की आपण डकवलेल्या सगळ्या चिठ्ठ्या मोरीतून वाहून गेल्या. मग निवृत्त झालेल्या मला बोलावणं आलं: खोल समुद्रातले हे नऊ कवचवाले प्राणी कोणते, ते सांगा. (कोचीच्या सहलीहून आपण मांडीवर घेऊन आलो, त्याच बरण्या. सांडतील म्हणून चाळीसगावपर्यंत तू डोळा मिटला नव्हतास.) खेकडे सोपे, पोट छातीखाली दुमडलेलं. तो तळहाताएवढा चपटा, बिनदेठाच्या डोळ्यांचाही सोपा. पायांच्या सात जोड्या. (तेरा मोजले, चौदावा तळाशी सापडला.) तानुबाई म्हणाली, "बाई, हाऊ ते आमना कुंडीखाल बी शे, फक्त बारीक." खरंच, कुंडीखालचा तो किडा त्याचा भाऊबंदच.

मग सातवी बरणी, जिच्यापायी आपण बोलणं टाकलं. तू म्हणायचीस, या लाल कोळंबीच्या पोटावरचे पट्टे कौलांसारखे एकावर एक. मी म्हणायचे, दुसरा पट्टा पुढच्या-मागच्या दोन्हींवर चढलाय, म्हणजे कुळच वेगळं. आणि हे सगळं भांडण काचेबाहेरून! झाकण घट्ट बसलेलं, ते आपल्याला उघडत नाही हे शिपायाला सांगायची दोघींनाही लाज. तानुबाईने ते उंबऱ्यावर दोनदा आपटलं आणि कोळंबी बशीत काढली. (तिचं माहेर तापीकाठचं, कोळंबी सोलण्यात बालपण गेलेलं.) "बाई, हाई ते बठ्ठं कौलंसारखं शे. तुमी काय देखी ऱ्हायन्यात इतला वरीस?" मी भिंगाखाली पाय तपासले. तिसऱ्या जोडीलाही चिमटे, जे मी म्हणायचे त्या कुळात नसतात.

तुझं बरोबर होतं. हे एवढं वाक्य लिहायला तीन कागद फाडले.

तुझी,
किरण

ता. क. सातव्या बरणीची नवी चिठ्ठी तुझ्या अक्षरात हवी. तुझ्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी घटवून घेतलेलं ते वळण माझ्या हाताला कधीच आलं नाही. समिती शनिवारी आहे. त्याआधी ये.

पुन्हा ता. क. पत्र आठवडाभर पर्समध्येच राहिलं. समिती येऊन गेली. प्रयोगशाळेत कोणी डोकावलंही नाही. तेव्हा चिठ्ठीची आता काही गरज नाही. तरी ये.