आंबापोळी दुपारीच उलटायची

विक्रम,

मी सुमनमावशीकडे हडपसरला चालले आहे. शेफाली ऑफिसातून यायच्या आत परतेन.

गच्चीवर आंबापोळीची पाच ताटं वाळत ठेवली आहेत. वरचं कापड वाऱ्याने उडालं तर कावळे काही शिल्लक ठेवणार नाहीत. एकच्या सुमारास कडा सुटतील. तेव्हा सुरी फिरवून पोळ्या उलट्या कर. ओढू नकोस, फाटतात. संध्याकाळपर्यंत थांबलं की ताटाला चिकटून बसतात, म्हणून हे दुपारीच करायला हवं.

दुपारी एक वाजता तू खराडीला ऑफिसात असतोस, असं मी मंगळवारपर्यंत समजत होते. त्या दिवशी मंडईतून हेच आंबे घेऊन येताना बस सारसबागेपाशी थांबली, तर तू बाकावर एकटाच डबा खात बसला होतास. मी उतरले नाही. शेफालीला काही बोललेली नाही, ते तूच सांग.

त्यानंतरचे दोन दिवस मी डबा भरून दिला. आज भरलेला नाही. वरणभात ओट्यावर झाकून ठेवला आहे. गरम करून घे आणि घरीच जेव.

आई