ए-वनचा नंबर

३ मार्च, सोमवार
ए-वनची फाईल आज हातावेगळी केली. चार महिन्यांचं काम. आमची पहिली चिप, ए-झीरो, हिला झोपवलं, म्हणजे कॉम्प्युटर स्लीपवर टाकला, की कधीकधी उठतच नाही. दहा हजारांतून एकदा. पण ज्याचा कॉम्प्युटर मान टाकतो त्याला बाकीच्यांचं काय कौतुक? ए-वनमध्ये ती खोड मोडली. सात तारा इकडच्या तिकडे केल्या, उरलेली चिप तीच.

फाईल उद्या काकांच्या टेबलावरून कारखान्यात जाईल. काका म्हणजे आमचे लेआउटवाले, चिपवरच्या तारांचा नकाशा आखणारे, सगळ्या ऑफिसचेच काका. जाण्याआधी चेकलिस्ट भरायची असते. एकतीस चौकटी. मीटिंग रूममध्ये केक कापायचे थांबले होते, म्हणून एका दमात एकतीसच्या एकतीस टिक केल्या. मॅडम म्हणाल्या, ए-वन नीट निघाली की पुढच्या चिपची टीम तुझ्याकडे. केक बरा होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.४०
बूट काढताना सहज आठवलं. चौकट क्रमांक चौदा : 'आवृत्तीचा नंबर बदलला का?'

प्रत्येक चिपच्या पोटात तिचा नंबर असतो. कॉम्प्युटर चालू झाला की आधी तिला विचारतो, तू कोण? 'ए-झीरो' म्हणाली, की तो तिला आजारी समजतो आणि झोपूच देत नाही. बिचारी चोवीस तास तापत राहते. 'ए-वन' म्हणाली, तरच झोप. हे सगळं एका तारेवर असतं : इकडे जोडली तर ए-झीरो, तिकडे जोडली तर ए-वन. ती मी बदललीच असणार. बदलल्याचं आठवत नाही, पण सकाळी दात घासल्याचंही आठवत नाही.

४ मार्च
११.१० ला काकांची मेल. विषय : 'नंबरबद्दल'. दोन ग्लास पाणी प्यायलो. भीती नव्हे, केकमुळे असेल. मी मुळातच निडर.
मेल उघडली नाही. महत्त्वाच्या मेल शांत डोक्याने वाचाव्यात.
फाईल उघडून बघावी म्हटलं, तर पाठवलेली फाईल कोणी उघडली की मॅडमना आपोआप निरोप जातो. असल्या सिस्टिममुळे प्रामाणिक माणसाची पंचाईत होते.

५ मार्च
कँटीनमध्ये काका दिसले. हात हलवला त्यांनी. मी ताट घेऊन मागच्या दाराने जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर कॉपिअरच्या खोलीत जेवलो. जिने चढणं तब्येतीला चांगलं, हे रोज करायला हवं.

६ मार्च
कारखान्याचं पत्र. चिपा तारांच्या थराआधी थांबवून ठेवल्या आहेत. काही बदल असेल तर चौदा तारखेला दुपारी बारापर्यंत एक साधा फॉर्म भरावा. त्यानंतर जे होईल ते कायमचं.
म्हणजे आठ दिवस आहेत. भरपूर.
संकल्प : उद्या दहाला मॅडमसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, चौदावी चौकट मी न बघता टिक केली. बस. जीव तर घेणार नाहीत.

७ मार्च
मॅडम आज खुशीत होत्या. एखाद्याचा चांगला दिवस नासवणं हे संस्कारात बसत नाही. सोमवारी.

८ मार्च, शनिवार
बायकोला सांगितलं. 'एका मित्राचं' म्हणून. ती दातांची डॉक्टर. म्हणाली, तुझ्या मित्राला सांग, मेल उघड. दुखरा दात दाखवायला टाळाटाळ करणारे सगळे असंच बोलतात आणि शेवटी दात काढावा लागतो. मग म्हणाली, तू जेवताना डाव्या बाजूने का चावत नाहीस? मी विषय बदलला.

१० मार्च, सोमवार
काका आजपासून दीड महिना रजेवर. मुलीचं बाळंतपण, परगावी. सुटलो. आता ताट खाली नेता येईल.

दुपारी
नंबरचं खरं काय ते फक्त काकांना माहीत, आणि काका नाहीत. फोन करता येईल. पण बाळंतपणाच्या घरी ऑफिसचा फोन, बरं दिसत नाही. माणसाने रीत सोडू नये.

१२ मार्च
आज ठरवून मॅडमच्या दारापर्यंत गेलो. हात दारावर. आतून त्यांनी विचारलं, काय रे? मी म्हणालो, एसी जरा वाढवायला सांगता का.
त्यांनी सांगितला. आता सगळा मजला कुडकुडतोय, त्यामुळे माझं थरथरणं कोणाच्या लक्षात येत नाही. ईश्वर करतो ते बऱ्यासाठी.

१३ मार्च
तळमजल्यावर गेलो होतो, उगाच. तिथे मॅन्युअल लिहिणारा बसतो. चार वर्षांपूर्वी तोही वर आमच्यातच होता. एका चिपमध्ये त्याने दोन तारा उलट जोडल्या. आता 'प्लग भिंतीत लावा' असली वाक्यं लिहितो. मला बघून त्याला फार आनंद झाला. विचारलं, तूपण येतोयस का इकडे? शेजारची रिकामी खुर्ची फडक्याने पुसलीसुद्धा.
मी भ्यालो आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. मी खूप भ्यालो आहे.

१४ मार्च, ११.२०
पण भ्यालेलं डोकं जलद चालतं. नंबर बरोबर असता तर काकांनी मेल कशाला केली असती? म्हणजे तो चुकलाच आहे. इतकं सरळ आहे. मेल उघडायचीसुद्धा गरज नाही.

११.४०
फॉर्म समोर आहे. दोन पर्याय. पहिला : सध्याची जोडणी काय, नवी काय, ते लिहा. म्हणजे फाईल उघडा, म्हणजे मॅडमना निरोप. दुसरा : 'या तारेची जोडणी आहे त्याच्या उलट करा.' काही बघायला नको, कोणाला विचारायला नको. हा पर्याय माझ्यासारख्यांसाठीच ठेवला असावा. दुसऱ्या सहीच्या जागी काकांचं नाव होतं, तिथे 'रजेवर' लिहिलं.

११.५२
पाठवला.

१.३०
कारखान्याचं उत्तर : बदल नोंदवला. मी एकट्याने, कोणाला त्रास न देता, चिप वाचवली. घाम पुसला. खाली कँटीनमध्ये बसून जेवलो, दोन्ही बाजूंनी चावून. डावा दात दुखला.

२१ एप्रिल, सोमवार
ए-वन आली. सगळे लॅबमध्ये. मॅडमनी स्वतः डबा उघडला. चिप बोर्डावर बसवली, दहा लाख वेळा झोपवली, दहा लाख वेळा उठवली. एकदाही अडखळली नाही. टाळ्या. माझ्या पाठीवर थाप.
मग मॅडम म्हणाल्या, आता नाव विचारा तिला.
स्क्रीनवर आलं : ए-झीरो.
पुन्हा विचारलं. ए-झीरो. दुसरी चिप घेतली, तिसरी घेतली. चाळीस चिपा, चाळीसही एकच सांगतात. धडधाकट आहेत, पण स्वतःला आजारी म्हणवतात. मॅडमनी नुसता फॉर्म मागवला.

२२ एप्रिल
काका आले. नात झाली. सगळ्यांना चॉकलेटं वाटली, मला दोन दिली. हळूच विचारलं, माझी मेल मिळाली नव्हती का रे? मी म्हणालो, स्पॅममध्ये गेली असेल. काका म्हणाले, असेल.
जागेवर येऊन मेल उघडली. एकोणपन्नास दिवसांनी. तीन ओळी :
'नंबर बदलायचा राहिला होता. मी बदलून मगच फाईल पुढे पाठवली, मॅडमना काही बोललो नाही.
आता तू कशाला हात लावू नकोस.
निवांत झोप.'

संध्याकाळी ६.१५
ए-वनच्या दोषांची अधिकृत यादी लागली. एकच दोष. 'चिप स्वतःला ए-झीरो सांगते, त्यामुळे तिला झोपू दिलं जात नाही. कारण : शेवटच्या दिवशी केलेला बदल.' पुढे माझं नाव. स्पेलिंग बरोबर आहे.
तळमजल्यावरच्याचा फोन येऊन गेला. खुर्ची खिडकीपाशी हवी की पंख्याखाली, विचारत होता.

६.४०
मॅडमची मेल आली आहे. विषय : 'तुझ्याबद्दल'.
उद्या सकाळी उघडीन. शांत डोक्याने.