दुखरी दाढ

महाड, ७ नोव्हेंबर १९७९

ती. काशीवन्सं यांस, सविनय जयभीम. वि. वि.

कंडक्टरबरोबर पाठवलेली पिशवी मिळाली. नाचणी दोन पायली, कुळीथ, कडवे वाल. त्याला चहाचे आठ आणे दिले.

आमचा चंदू जाऊन तीन महिने झाले. त्याच आठवड्यापासून माझी डावी दाढ ठणकते. डॉक्टरांनी ती काढली, दहा रुपये घेतले. बघितली तर कीड नाही, पांढरीशुभ्र. दुखणं मात्र तिथंच. आता सोमवारी शेजारची काढू म्हणतात. रोज त्रिसरण म्हणून मन आवरते, पण आवरावं तेवढी कळ कानापर्यंत जाते. तुमच्या तोंडात चारच दात उरलेत, तेव्हा या बाबतीत तुम्हीच जाणत्या. काढू की नको?

मयतात तुम्ही हेल काढलात आणि मी सगळ्यांसमोर थांबवलं, ते मनात ठेवू नका. यापुढे असं रडायचं नाही हा ठराव विहारात मीच वाचला होता. नऊ वर्षांचं पोर गेलं म्हणून मीच मोडला, तर बाकीच्या बायका काय म्हणतील? आजवर डोळ्यांत पाणी येऊ दिलेलं नाही.

मायेत अंतर पडू देऊ नका.
तुमची भावजय, ललिता

पोलादपूर, ९ नोव्हेंबर

चि. ललितास, काशीबाईचा जयभीम नि आशीर्वाद.

साक्षरता वर्गात शिकले तशी लिवते, हसू नको. दाढ काढू नको. माझे दात किडून गेले गो, तुझे धडधाकट कशाला देतेस? मयतात तू दात आवळून बसली व्हतीस, गालाचं हाड वर आलं व्हतं. ते दात अजून सुटलेले नाय. झोपेत दात करकरतात काय, तुझ्या नवऱ्याला, श्रीपतला इचार.

मी रागावले व्हते, खोटं नाय सांगत. हेल थांबवलास त्याचा राग नाय. तू मला जवळ बसू दिलं नाय.

आमच्याकडं भंतेजी आले तवा उभी राहून इचारलं. म्हणाले, छाती बडवणं सोडायचं, आईच्या डोळ्यातलं पाणी कुणी बंद केलेलं नाय. तू ठरावाची वही काढून बघ.

जिवाला जप, पोरी.
काशीबाई

महाड, १३ नोव्हेंबर

ती. काशीवन्सं यांस, सविनय जयभीम. वि. वि.

पत्र शनिवारी मिळालं. ह्यांना विचारलं. म्हणाले, तीन महिने रोज ऐकतो, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. वहीही काढली. हेल आणि छाती बडवणं एवढंच लिहिलंय, डोळ्यांतल्या पाण्याबद्दल एक शब्द नाही. अक्षर माझंच.

रविवारी नळावर ठमाबाई सहज म्हणाली, तुझ्या चंदूनेच माझ्या लेकाला पोहायला शिकवलं. मला आवरलं नाही. हंडा ठेवून तिथंच बसले आणि रडले. बायका रांग सोडून भोवती बसल्या, ठरावाचं कुणी काढलं नाही. तेवढ्यात नळ गेला. त्या दिवशी कुणाच्याच घरी पुरतं पाणी भरलं नाही.

दुखणं गेलं असं लिहिणार नाही. पण कळ कानावरून उतरली, काल डाव्या बाजूने भाकरी चावली. डॉक्टरांकडे गेले नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात उभं राहून सांगणार आहे, की ठरावाचा अर्थ मी चुकीचा घेतला आणि तुमच्यावर अन्याय केला. बोलताना रडू येईल. तेव्हा तुम्ही माझ्याजवळ बसा. कोणत्या गाडीने येता ते उलट टपाली कळवा.

तुमची,
ललिता